उन्हाळे : एका शब्दाची कुळकथा

माणिकपूरहून शिरसाड फाट्यामार्गे वज्रेश्वरीला निघालेल्याला विचारलं, तर तो सांगतो, 'गरम पाण्याच्या कुंडांवर चाललोय.' याच जागेला कोकणात जुना, नेमका शब्द आहे : उन्हाळे. ऋतू नव्हे, तो उन्हाळा, हे उन्हाळे. जमिनीतून ऊन पाणी आपसूक वर येतं ती जागा.

संस्कृतातला 'उष्ण' प्राकृतात 'उण्ह' झाला आणि मराठीत 'ऊन'. आज ऊन म्हटलं की सूर्यच आठवतो. पण पानात ऊन ऊन भात पडतो, तेव्हा तिथे सूर्य कुठे असतो? ती चुलीची ऊब. लघवीच्या जळजळीला 'उन्हाळी लागली' म्हणतात, ती अंगातली. उन्हाळे ही भुईची. या शब्दावरून गावं ओळखली गेली : सुधागडात पालीजवळचं उन्हेरे, दापोलीतलं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे. तिन्ही ठिकाणी ऊन पाण्याचे झरे आहेत. गावाच्या नावातच पाण्याची खूण सांगणारी ही रीत मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडे तानसेकाठी अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरी. पालघर तालुक्यात सातिवली, कोकनेर. इथे मात्र नावं वेगळी पडली आणि गोष्ट देवीकडे गेली. तिने मारलेल्या दैत्यांचं रक्त म्हणजे हे पाणी, असं सांगतात. वसई घेण्यासाठी चिमाजी अप्पांनी याच वज्रेश्वरीला नवस बोलला आणि १७३९ साली किल्ला सर झाल्यावर देऊळ बांधलं, ही आठवण वसईकराला पाठ असते.

ज्वालामुखी अजून खाली धुमसतोय, असंही पुष्कळजण मानतात. ते खरं नाही. आपला काळा कातळ लाव्ह्याचाच, पण ती आग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विझली. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरतं. दर किलोमीटरला भुईची उष्णता पंचवीस-तीस अंशांनी वाढते. तिथे तापून ते दुसऱ्या भेगेने झपाट्याने वर येतं. पालघरपासून राजापूरपर्यंत अशा भेगांची ओळ आहे, म्हणून उन्हाळ्यांचीही.

कुंडातून सांडलेलं पाणी तानसेत जातं, तानसा वैतरणेला मिळते आणि वैतरणा वसईच्या उत्तरेकडून समुद्राला. तोवर ते निवलेलं असतं. ऊन पाण्यासाठी मराठीने क्रियापदही जपलंय : ते निवतं.