नाविक : भारताची स्वदेशी दिशादर्शन प्रणाली

‘नाविक’ ही भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने (इस्रो) विकसित केलेली उपग्रहाधारित दिशादर्शन प्रणाली आहे. भारत आणि सीमेपलीकडील सुमारे १,५०० किलोमीटरचा परिसर हे तिचे मुख्य सेवाक्षेत्र. मालिकेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी, तर सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपित झाला.

उपग्रहाचा संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून ग्राहकयंत्र अंतर मोजते. अचूक स्थाननिश्चितीसाठी किमान चार उपग्रहांचे संकेत आवश्यक असतात. वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली, तरी अंतरात सुमारे ३०० मीटरचा फरक पडतो. म्हणूनच अणुघड्याळ हा या प्रणालीचा प्राण मानला जातो.

पहिल्या उपग्रहातील परदेशी बनावटीची तिन्ही अणुघड्याळे बंद पडल्याने तो स्थाननिश्चितीसाठी निरुपयोगी ठरला. २९ मे २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या एनव्हीएस-०१ मध्ये प्रथमच स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसवण्यात आले. जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही.

मोबाइलचे जाळे नसलेल्या खोल समुद्रात मच्छीमारांना धोक्याचे इशारे देण्यासाठीही ‘नाविक’चा उपयोग होतो. त्यामुळे जुन्या उपग्रहांची जागा नव्या उपग्रहांनी वेळेत घेणे महत्त्वाचे आहे.