तीन वर्षं कोर्टात, पण खायचं काय? सातपुड्यातल्या वकील पोरांची जुनी गोष्ट

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण घरात, भावकीत किंवा पाड्यावर कोणी एलएल.बी. करत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश, म्हणजे आपण ज्याला जेएमएफसी म्हणतो, त्या परीक्षेला बसायचं असेल तर आता किमान तीन वर्षांची वकिली हवी. सरन्यायाधीश भूषण गवई (आपल्या अमरावतीचे), न्या. मसीह आणि न्या. विनोद चंद्रन यांचं खंडपीठ होतं. तेव्हापासून तळोदा, अक्कलकुवा, धडगाव भागातली कायद्याची मुलं विचारतात, "दादा, आता आमचं काय?" उत्तर देण्याआधी थोडा इतिहास बघू, कारण हा प्रश्न 2025 मध्ये जन्मला नाही.

आपल्या भागापासूनच सुरुवात करतो. 1874 मध्ये इंग्रजांनी शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स अ‍ॅक्ट केला. जिथे नेहमीचे कायदे आपोआप लागू होणार नाहीत, अशा भागांची यादी त्याला जोडली होती. मुंबई इलाख्याच्या यादीत सिंध, एडन, पंचमहाल आणि त्यांच्यासोबत आपल्या मेवासी प्रमुखांची गावं होती: काठीचे पाडवी, नालचे पाडवी, सिंगपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावा, नवलपूरचे पाडवी. आज आपल्या कुठल्याही आश्रमशाळेच्या हजेरीपटावर हीच आडनावं दिसतील.

याचा अर्थ सरळ होता. इथे कोणता कायदा चालेल आणि न्याय कोण करेल, हे सरकार ठरवणार. कलेक्टर हाच एजंट, म्हणजे वसूल करणाराही तोच आणि न्याय देणाराही तोच. पुढे 1935 च्या कायद्याखाली पश्चिम खानदेशचा हा डोंगरी पट्टा 'अंशतः वगळलेला' म्हणून नोंदला गेला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेची पाचवी अनुसूची आली. 1985 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी आणि नवापूर हे पूर्ण तालुके अनुसूचित क्षेत्र आहेत. संरक्षण मिळालं, ही चांगली गोष्ट. पण जिथे पिढ्यान् पिढ्या नेहमीचं कोर्टच नव्हतं, तिथे वकिलांची घराणी कुठून येणार? पुणे, नाशिक, धुळ्यात आजोबा वकील, बाप वकील, नातू वकील अशी परंपरा झाली. आपल्याकडे बऱ्याच घरांतला पहिला वकील आत्ता कुठे तयार होतोय.

त्या काळी न्यायखात्यात माणसं यायची कशी? मुंबईत 1855 मध्ये सरकारी लॉ स्कूल निघालं, 1862 मध्ये हायकोर्ट सुरू झालं. शिकलेले लोक मुन्सफ, सबजज्ज होऊ लागले. न्यायमूर्ती रानडे यांची 1879 मध्ये धुळ्याला बदली झाली होती. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा तो काळ, सरकारला त्यांच्यावर संशय होता. म्हणजे पुण्यातल्या पुढाऱ्याला लांब ठेवायची जागा म्हणजे खानदेश! हे 'शिक्षेची बदली' प्रकरण आपल्याकडे आजही पूर्ण संपलेलं नाही, पण तो वेगळा विषय.

खानदेशाला माहीत असलेली आणखी एक तारीख आहे. 31 जुलै 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी तिथे लोक जमतात. पण त्याआधीची चौदा वर्षं किती जण आठवतात? 1923 मध्ये वकिलीची सनद काढायला बाबासाहेबांकडे पैसे नव्हते, मित्र नवल भथेना यांनी मदत केली. सनद मिळाली तरी कामं लगेच आली नाहीत. 1925 पासून ते बाटलीबॉय संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते, कारण घर चालवायचं होतं. बॅरिस्टर, दोन परदेशी विद्यापीठांचा विद्वान माणूस, आणि त्यालाही वकिलीच्या पहिल्या वर्षांत दुसरीकडून मिळकत शोधावी लागली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता 'तीन वर्षां'चा इतिहास. 1958 मध्ये सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने 14 वा अहवाल दिला. खालच्या न्यायालयांत कोणाला आणि कसं घ्यायचं, हा प्रश्न तेव्हापासून देशासमोर आहे. ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या खटल्यात 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की तीन वर्षांची वकिली हवीच. नुसत्या पुस्तकी ज्ञानावर लोकांच्या जीविताचे, स्वातंत्र्याचे, मालमत्तेचे निकाल कसे देणार?

मग न्या. जगन्नाथ शेट्टी आयोग आला. त्यांचं म्हणणं उलट. हुशार पोरं तीन वर्षांत वकिलीत जम बसवतात, मग न्यायाधीश व्हायला येतच नाहीत. म्हणून ताज्या पदवीधराला घ्या आणि चांगलं प्रशिक्षण द्या. 21 मार्च 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. प्रशिक्षण किमान एक वर्ष, शक्यतो दोन वर्षं. महाराष्ट्राच्या 2008 च्या नियमांतही तो दरवाजा आला: पहिल्याच प्रयत्नात, 55 टक्क्यांनी पास झालेला ताजा पदवीधर थेट एमपीएससीमार्फत बसू शकतो. निवड झाली की उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण. गरीब घरातल्या हुशार पोरासाठी ही मोठी गोष्ट होती, कारण शिकण्याच्या काळात त्याला सरकारी पगार होता.

2025 मध्ये तो दरवाजा बंद झाला. बहुतेक उच्च न्यायालयांचा अनुभव असा, की कोर्टाची पायरी न चढलेले तरुण न्यायाधीश वकिलांशी, कर्मचाऱ्यांशी, पक्षकारांशी नीट वागू शकत नाहीत, कामकाज अडतं. निकालातल्या काही गोष्टी आपल्या पोरांनी नीट वाचायला हव्यात. तीन वर्षं तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची, म्हणजे बार परीक्षेच्या निकालाची वाट बघण्यात वेळ फुकट जात नाही. किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागेल, त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची सही. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरलं जाईल. निवडीनंतर कोर्ट चालवण्याआधी किमान एक वर्षाचं प्रशिक्षण आहेच.

माझं मत सांगतो. नियम चुकीचा आहे असं मला वाटत नाही. तळोद्याच्या कोर्टात पावरी किंवा भिली बोलणारी म्हातारी साक्षीला उभी राहते. प्रश्न मराठीत, उत्तर तिच्या बोलीत, मध्ये कोणीतरी अर्थ सांगणारा. त्या दोन वाक्यांत काय सांडलं, हे पुस्तकात कळत नाही. आदिवासी जमीन परत देण्याचा 1974 चा कायदा, सातबाऱ्यावरची नावं, 2006 चा वनहक्क कायदा, सरदार सरोवरात गेलेल्या आपल्या 33 गावांचं पुनर्वसन, हे सगळं कोर्टाच्या व्हरांड्यात आणि तहसीलमध्ये उभं राहूनच समजतं.

प्रश्न नियमाचा नाही, त्या तीन वर्षांच्या पोटापाण्याचा आहे.

सिनियरकडे ज्युनियर म्हणून पोरगं जातं. फायली उचलतं, तारखा घेतं, झेरॉक्स आणतं. हातावर काय पडतं? कधी पेट्रोलचे पैसे, कधी तेही नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने सांगितलं की ज्युनियरला शहरात किमान 20 हजार, ग्रामीण भागात 15 हजार विद्यावेतन द्यावं. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. आणि खरं बोलायचं तर तालुक्याच्या कोर्टात अनेक सिनियरांची स्वतःचीच महिन्याची ओढाताण असते, ते कुठून देणार?

ज्याच्या घरी शेती-बागायत आहे किंवा बाप नोकरीला आहे, तो तीन वर्षं काढेल. ज्याचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, तो पहिल्या सहा महिन्यांतच दुसरं काम धरेल. मग न्यायाधीशाच्या खुर्चीत कोण बसणार, हे परीक्षेआधीच ठरलं.

उपाय नाहीत असं नाही. कर्नाटकात, आंध्र-तेलंगणात मागास समाजातल्या कायदा पदवीधरांना सरकारी किंवा ज्येष्ठ वकिलांकडे प्रशिक्षणाला जोडून सरकारकडून विद्यावेतन देण्याच्या योजना जुन्या आहेत. नालसाच्या 2022 च्या योजनेत जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक विधी सहाय्य बचाव वकील हे पद आहे, त्याला 0 ते 3 वर्षांचा अनुभव चालतो. पगार मिळतो, काम शिकायला मिळतं आणि गरीब आरोपीला वकीलही मिळतो. या जाहिराती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून निघतात, लक्ष ठेवा. आणि 30 जुलै 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून सनदीसाठी 125 रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही. कोणी हजारो मागितले तर विचारा, कशाचे?

आपली मागणी छोटी आहे. तळोद्यात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. त्याच्या कक्षेतल्या कायदा पदवीधरांना तीन वर्षं सरकारी वकिलांकडे किंवा विधी सेवा समितीकडे प्रशिक्षणाला जोडा आणि जगण्यापुरतं विद्यावेतन द्या. बदल्यात त्यांनी ग्रामसभांना वनहक्क, पेसा, जमिनीच्या कामात मदत करावी. नंतर त्यातला एखादा न्यायाधीश होईल, चार जण चांगले वकील होतील. दोन्हीत आपलाच फायदा.

1874 मध्ये आपली गावं कायद्याच्या बाहेर ठेवली, ती सरकारी यादीने. आज कोणी यादी करत नाही. नुसती तीन वर्षांची उपासमार पुरते.

आमदार, खासदार, जिल्हा परिषद सदस्य ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी पुढच्या बैठकीत विषय घ्यावा. आणि पोरांनो, तुमच्यापैकी कोण सध्या ज्युनियरशिप करतंय, महिन्याला किती मिळतात? नाव नको, फक्त तालुका आणि आकडा खाली लिहा. चाळीस-पन्नास आकडे जमले की निवेदन घेऊन प्रकल्प कार्यालयात जाऊ. शेअर करा.