ज्या कामाचा पैसा, त्याच कामाला

गावात जत्रेची वर्गणी जमते, तेव्हा पंच मंडळी एक पथ्य कसोशीने पाळतात. जत्रेचा पैसा जत्रेलाच. शाळेचे पत्रे उडालेले असोत, विहिरीवरचा पंप जळालेला असो, त्या पैशाला हात लावायचा नाही. लावायचाच झाला तर चार माणसांना विचारून, वहीत उसनवार म्हणून मांडून. आपण रोज बोलतो तो ‘अनामत’ हा शब्द अरबीतल्या ‘अमानत’वरून आला आहे. अमानत म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू. शहराच्या हिशेबाचे मर्म या एका शब्दात आहे.

दुकानदाराला वर्षअखेरीस विचारतात, नफा झाला की तोटा? शहराच्या कारभाऱ्यांना विचारायचा प्रश्न निराळा. ज्या कामासाठी पैसा दिला, तो त्याच कामाला लागला का? म्हणून शहरे आपला पैसा वेगवेगळ्या निधींत ठेवतात. झाडलोट, दिवाबत्ती, पगार यांसाठी सर्वसाधारण निधी. पूल, शाळा बांधायला काढलेल्या कर्जाचा भांडवली निधी. कर्जफेडीचा निधी वेगळा. सेवानिवृत्तांचा पैसा विश्वस्त निधीत. प्रत्येकाची जमा, खर्च आणि शिल्लक स्वतंत्र दाखवायची. मुंबईकरांना हे अनोळखी नाही. ७ ऑगस्ट १९४७ रोजी बेस्ट महापालिकेच्या ताब्यात आली, तिचा अर्थसंकल्प वेगळा मांडला गेला. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाचा ‘ग’ अर्थसंकल्पही मुंबईकरांनी वर्षानुवर्षे ऐकला आहे.

हे पथ्य मोडले की काय होते, ते न्यूयॉर्कने जगाला दाखवले. त्या शहराचे दोन अर्थसंकल्प होते. एक रोजच्या खर्चाचा, दुसरा भांडवली कामांचा. रोजचा खर्च वर्षाच्या उत्पन्नातून भागवायचा आणि कर्ज काढायचे ते पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या बांधकामासाठी, असा दंडक होता. पण १९६० च्या दशकाच्या मध्यापासून पगारासारखे रोजचे खर्चही भांडवली अर्थसंकल्पात सरकवले जाऊ लागले. तेही चोरून नव्हे, राज्याच्या विधिमंडळाने दिलेल्या मुभेनुसार. म्हणजे आज खाल्लेल्या भाकरीचे पैसे नातवाच्या नावावर! जोडीला दुसरी युक्ती होती. वसूल होण्याची शक्यता नसलेला मालमत्ता कर आणि हाती न आलेले अनुदान जमेला धरायचे आणि त्याच्या भरवशावर अल्प मुदतीचे कर्ज उचलायचे. कागदावर जमाखर्च जुळत होता.

१९७४ मध्ये महापौर झालेले अब्राहम बीम हे शिक्षणाने हिशेबनीस, आधी शहराचे वित्त नियंत्रक राहिलेले. तरी गाडे थांबले नाही. १९७५ साली शहराचे कर्ज सुमारे १४०० कोटी डॉलरवर गेले होते. त्यातले सुमारे ६०० कोटी अल्प मुदतीचे. त्या वसंत ऋतूत बँकांनी हात आखडता घेतला. जूनमध्ये राज्याने महापालिका साहाय्य महामंडळ स्थापन केले. सावकारांचा विश्वास परत मिळवण्यासाठी काय केले? विक्रीकराचे उत्पन्न शहराच्या हाती न देता महामंडळाच्या रोख्यांसाठी बाजूला काढले. मोडलेले पथ्य पुन्हा लावावे लागले, तेव्हा कुठे रोखे विकत घ्यायला कोणी पुढे आले.

१७ ऑक्टोबर १९७५ रोजी दिवाळखोरी काही तासांवर आली. शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीने १५ कोटी डॉलरचे रोखे घेतले आणि शहर वाचले. निधी विश्वस्तांचा, पैसा शिक्षकांच्या म्हातारपणाचा. पण तो रोख्यांच्या रूपाने, परतफेडीच्या बोलीवर दिलेला होता आणि पुढे तो फिटला. डिसेंबरमध्ये केंद्र सरकारचे कर्ज मिळाले.

किंमत मात्र सामान्यांनी मोजली. हजारो कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. १ सप्टेंबर १९७५ पासून भुयारी रेल्वेचे भाडे ३५ सेंटवरून ५० सेंट झाले. १८४७ पासून मोफत शिक्षणाची परंपरा सांगणाऱ्या शहर विद्यापीठात १९७६ मध्ये शुल्क सुरू झाले. खातेवहीतली चूक अखेर गरिबाच्या मुलाच्या फीच्या पावतीवर उमटली.

त्यातून शिस्त आली. रोजच्या खर्चाचा हिशेब सर्वमान्य लेखातत्त्वांनुसार मांडणे शहराला भाग पडले आणि १९८१ च्या आर्थिक वर्षात तसा समतोल साधला गेला. अमेरिकेत राज्य व स्थानिक सरकारांच्या लेखापद्धतीचे मंडळ १९८४ मध्ये आले. त्याच मंडळाने १९९९ मध्ये सांगितले की, निधीनिहाय हिशेब ठेवाच, पण साऱ्या शहराचे एकत्रित चित्रही द्या. कारण एकेक खण नीट असला तरी घरावर एकूण कर्ज किती, ते त्यातून कळत नाही.

आपल्या शहराचा अर्थसंकल्प वर्तमानपत्रात येतो, तेव्हा आपण करवाढ झाली का, एवढेच पाहतो. दोन प्रश्न आणखी विचारावेत. कर्ज कशासाठी काढले आणि एका निधीतून दुसऱ्यात पैसा गेला, तर तो परत कधी येणार? हे विचारायला हिशेबनीस असावे लागत नाही. वर्गणी देणारा प्रत्येक जण हे विचारू शकतो.