घरातला समुद्र

सारोळ्याच्या पुलावर उभे राहून नीरेकडे पाहणाऱ्याला समुद्राची आठवण व्हावी असे काही कारण नाही. हे पाणी पूर्वेस जाऊन भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि शेवटी ते पोचते बंगालच्या उपसागरास. वास्तविक समुद्र आमच्या पाठीशीच आहे. वरंधा घाट उतरला की महाड, आणि महाडपुढे सावित्रीची खाडी. पण नदीने तिकडे पाठ फिरविली, तशी आम्हीही फिरविली. तेव्हा खाऱ्या पाण्यातले मासे आणि जिवंत पोवळी घरी पाळण्याच्या छंदाचा इतिहास येथे सांगू लागलो, तर श्रोत्यांना नवल वाटणारच.

पोवळे मात्र या देशात फार पूर्वीच आले. पहिल्या शतकातील एका ग्रीक माहितीपुस्तकात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात पोवळ्याचे नाव आहे, आणि भडोचशी व्यापार करणाऱ्या गावांत पैठण व तेर यांची नावे आहेत. हे तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातले. आजीच्या गळ्यातली माळ, मंगळाची अंगठी, वैद्याची प्रवाळभस्माची पुडी, सगळीकडे ते आम्हाला भेटले ते मेलेले. पोवळे हा प्राणी आहे, तो खातो, वाढतो, हे ध्यानात घेण्याची आम्हाला कधी गरजच पडली नाही.

ते जिवंत ठेवण्याचा पहिला नीट नोंदलेला प्रयत्न एका इंग्रज बाईंचा. अ‍ॅना थिन यांनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही पोवळी लंडनला नेली. समुद्र दूर, पाणी थोडे. मग उघड्या खिडकीपुढे ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात धार धरून ओतावयाचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम रोज अर्धा-पाऊण तास त्यांची मोलकरीण करी. इतिहासात थिनबाईंचे नाव राहिले, ओतणारीचे राहिले नाही. पुढल्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्रशेवाळ घातले. शेवाळ प्रकाशात प्राणवायू सोडते, आणि हाताचे श्रम कमी होतात.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. फिलिप गॉस यांनी १८५४ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले, आणि क्षारांचे मिश्रण करून समुद्राचे पाणी घरी बनविण्याची रीतही दिली. मग काय, घरोघरी काचेच्या पेट्या आल्या! त्यासाठी लोकांनी किनाऱ्यावरची डबकी अक्षरशः खरवडून नेली. गॉस यांच्या मुलाने पुढे आपल्या आठवणींत या नासाडीबद्दल खेदाने लिहिले आहे. छंदाची ही दुसरी बाजू त्याच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेली आहे.

आमच्याकडे सामान्य माणसाला काचेआडचा समुद्र दाखविला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ते मरीन ड्राइव्हवर उघडले. घाटमाथ्यावरच्या किती शाळांच्या सहली तेथे गेल्या असतील! आमचीही गेली होती, आणि तेव्हापासून आमच्या डोक्यात किडा शिरला.

पुढे एकदा आम्ही हरिहरेश्वरच्या खडकांतले दोन मासे समुद्राच्याच पाण्यासकट बरणीत घालून घाटावर आणले. तिसऱ्या दिवशी दोन्ही उलटे तरंगत होते. पाणी खरे, मासे खरे, मग चुकले कोठे? माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. त्याचे निरुपद्रवी क्षारांत रूपांतर करणारे जंतू दगडावाळूत वस्ती करतात, आणि ती वस्ती जमावयास काही आठवडे लागतात. आम्ही मासे आणले, गाव आणले नाही. १९६१ साली जाकार्ताचे ली चिन एंग यांनी नेमका हाच मार्ग लिहून प्रसिद्ध केला. टाकीत समुद्रातला जिवंत खडक ठेवावयाचा, उजेड भरपूर द्यावयाचा, हवेचे बुडबुडे सोडावयाचे. उजेड एवढ्यासाठी की, खडक बांधणाऱ्या बहुतेक पोवळ्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते, आणि त्याच्याच अन्नावर ती मुख्यतः जगतात. टाकीतले पाणी आटले तर भर गोड्याच पाण्याची घालावी, कारण मीठ मागे उरलेलेच असते.

आता एवढी विद्या हाती आल्यावर कोणी म्हणेल, आणू या चार पोवळी मालवणहून. तेथे कायदा आडवा येतो, आणि आमच्या मते योग्यच येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारी सर्व पोवळी घालण्यात आली. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. एक बोटभर तुकडा काढणे हाही गुन्हा आहे. हौशी मंडळींची यावर तक्रार असते की, आम्ही तर त्यांना जगवितो. जगवितात, काही जण उत्तम जगवितात. पण एक जगविण्याच्या खटपटीत किती मेली याचा हिशेब कोणी सांगत नाही. आमचे दोन मासे त्या हिशेबात आहेत.

माशांपुरती सोय आता झाली आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात विदूषक माशांची पैदास झाली आहे. असे मासे पाळावयाचे तर समुद्रात जाळे टाकावे लागत नाही. पोवळे पाहावयाचे तर मात्र आपणच मालवणास जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात ते आहे, आणि १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्य आहे.