‘अनुराधा’, चॅलेंजर आणि परत आलेल्या बूस्टरची साक्ष

पुन्हा वापरता येणाऱ्या समानव अंतराळयानांच्या इतिहासात मुंबईचा एक धागा गुंतलेला आहे, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. २९ एप्रिल १९८५ रोजी सात अंतराळवीरांना घेऊन ‘चॅलेंजर’ फ्लोरिडाहून निघाले. यानाच्या सामानकक्षात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ‘अनुराधा’ हे उपकरण होते. प्रा. सुकुमार बिस्वास या प्रयोगाचे प्रमुख होते.

‘अनुराधा’मध्ये सीआर-३९ या प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांच्या दोन थप्प्या होत्या. वैश्विक किरणांतील आयन प्लास्टिकमधून गेला की मागे डोळ्यांना न दिसणारी इजा राहते. पत्रे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवले की ती इजा खळग्याएवढी रुंदावते आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागते. खालची थप्पी सावकाश फिरत असल्याने आयन केव्हा आला, हेही ताडता येई. विशिष्ट प्रकारच्या वैश्विक किरणांतील ऑक्सिजनच्या आयनांनी मुख्यतः एकच इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, या मताला या मोजमापांनी बळ दिले. मात्र ही माहिती रेडिओसंदेशाने पाठवता येण्यासारखी नव्हती. पत्रे प्रयोगशाळेत पोहोचणे अपरिहार्य होते आणि परतणाऱ्या यानाचे मोल नेमके इथे होते.

अशा यानाची कल्पना त्याआधीची. एक्स-१५ या रॉकेटविमानांनी १९५९ ते १९६८ या काळात १९९ उड्डाणे केली. ‘कोलंबिया’ १२ एप्रिल १९८१ रोजी कक्षेत गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा गेले. माणसांना घेऊन एकच यान दुसऱ्यांदा कक्षेत जाण्याचा तो पहिलाच प्रसंग. शटलची बाह्य टाकी दर वेळी नष्ट होई. घन इंधनाचे दोन बूस्टर मात्र पॅराशूटने समुद्रात उतरत, जहाजे त्यांना ओढून आणत आणि पुनर्वापरासाठी ते सुटे केले जात.

‘अनुराधा’ नेणाऱ्या उड्डाणाचे बूस्टर असेच उघडले गेले, तेव्हा डाव्या बूस्टरच्या नोझलसांध्यातील पहिली रबरी कडी जळून भेदली गेल्याचे आणि तिच्यामागची राखीव कडीही झिजल्याचे आढळले. हा इशारा गंभीर होता. त्यावरून पुढील उड्डाणांवर औपचारिक निर्बंधही घालण्यात आला. परंतु प्रत्येक उड्डाणापूर्वी तो शिथिल करण्यात येऊ लागला. २८ जानेवारी १९८६ च्या थंड सकाळी उजव्या बूस्टरच्या दुसऱ्या एका सांध्यातील कड्या निकामी झाल्या आणि ‘चॅलेंजर’ ७३ सेकंदांत नष्ट झाले. सातही अंतराळवीर मृत्यू पावले.

भारताची एक योजनाही तेथेच संपली. इन्सॅट-१सी उपग्रहाबरोबर शटलमधून जाण्यासाठी इस्रोचे एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन यांची निवड झाली होती. ते उड्डाण रद्द झाले. उपग्रह १९८८ मध्ये एरियन रॉकेटने गेला. पुढे १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ परतताना विखुरले आणि त्यात कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले. टाकीवरील फेस निसटून यानावर आदळतो, हे आधीच्या उड्डाणांत वारंवार दिसले होते. यान सुखरूप परतत गेले, तसतसा तो धोका नित्याचा मानला गेला.

आता क्रू ड्रॅगन मालिकेतील ‘एंडेव्हर’ ही कुपी २०२० नंतर २०२१ मध्ये पुन्हा माणसे घेऊन गेली. आपल्याकडे जानेवारी २००७ मध्ये एसआरई-१ ही मानवरहित कुपी १२ दिवस कक्षेत राहून बंगालच्या उपसागरात उतरली. ‘पुष्पक’ या पंखयुक्त मानवरहित यानाने २ एप्रिल २०२३ रोजी चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर स्वयंचलित अवतरण केले; २०२४ मध्ये तीच काया आणखी दोनदा उतरवण्यात आली.

पुनर्वापराची चर्चा बहुधा खर्चाभोवती फिरते. इतिहास मात्र आणखी एक लाभ दाखवतो. समुद्रात बुडालेले रॉकेट आपली झीज कोणाला दाखवत नाही, परतलेले यान ती दाखवते. १९८५ च्या त्या बूस्टरने आपली साक्ष दिलीच होती. म्हणून ‘यान पुन्हा उडाले’ अशी बातमी वाचताना विद्यार्थ्यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: मागील उड्डाणानंतर ते उघडले, तेव्हा काय आढळले आणि त्यावर निर्णय काय झाला?