वारकऱ्याची शिदोरी

आषाढाच्या तोंडाशीं कोल्हापुराहून पंढरपुरास पायीं निघणारा वारकरी हातकणंगल्यावरून मिरजेस येतो, तेथून कवठेमहांकाळच्या बाजूचीं माळरानें तुडवून सांगोल्याकडे वळतो, आणि शंभरांहून अधिक मैल चालून चंद्रभागेच्या वाळवंटांत उभा राहतो. पंचगंगेच्या कांठचा ऊस आणि भात मागें पडतो. पुढचा मुलूख कमी पावसाचा, ज्वारी-बाजरीचा. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ सालींच झाला होता, आणि १९२७ सालीं बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपुराहून मिरजेपर्यंत येऊन पोंचली. तेव्हांपासून करवीरच्या यात्रेकरूला आगगाडीनें पंढरी गांठणें सोपें झालें. तथापि ज्यांना चालावयाचें होतें ते चालतच राहिले. हे लोक वाटेनें काय खात आले, आणि कोणाबरोबर बसून खात आले, हा प्रश्न वरवर पाहतां चुलीजवळचा वाटतो. वस्तुतः महाराष्ट्राच्या इतिहासांतील एक मोठें कोडें त्यांत गुंडाळलेलें आहे.

वारकऱ्याचा शाकाहार हा वाटेचा नियम नव्हे, गळ्यांतील तुळशीच्या माळेचा नियम होय. माळ घातली कीं मांस-मद्य सुटलें तें कायमचें. एकादशीचा उपवास आणि पंढरीची वारी हीं त्याच व्रताचीं दुसरीं अंगें. इतर धर्मांच्या यात्रांकडे पाहिलें म्हणजे हा भेद ध्यानांत येतो. हजला निघालेल्या मुसलमान यात्रेकरूला एहरामच्या अवस्थेंत रानांतील शिकार वर्ज्य असते, परंतु मांसान्न वर्ज्य नसतें. युरोपांतून स्पेनमधील सांतियागोस चालत जाणारा ख्रिस्ती भाविक उपवासाच्या ठराविक दिवशीं मांस टाळी, एरव्हीं वाटेंत मिळेल तें खाई. वारकऱ्याचें तसें नाहीं. ज्यांच्या गळ्यांत माळ नाहीं असेही पुष्कळ शेतकरी दिंडीबरोबर चालतात, आणि तेवढे दिवस तेही माळकऱ्याप्रमाणेंच जेवतात. कोल्हापुरासारख्या तालमींच्या आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या प्रांतांत ही गोष्ट लहान नव्हे.

शिदोरीचा विचार केला तर ज्वारीची भाकरी ही वाटेवरची खरी सोबतीण. परंतु पाण्यांत मळलेली भाकरी दुसऱ्या दिवशीं वाळून कडक होते आणि पावसाळी हवेंत बुरसतेही. म्हणून लांबच्या वाटेसाठीं दशमी निघाली. पीठ पाण्याऐवजीं दुधांत मळावयाचें. अशी भाकर मऊ राहते व अधिक टिकते. पण दशमीचा दुसरा गुण टिकाऊपणाहून महत्त्वाचा मानला जाई. पाण्यांत शिजविलेलें अन्न विटाळतें, दुधांत मळलेलें तितकें विटाळत नाहीं, असा सोंवळ्याचा दंडक होता. त्यामुळें ब्राह्मणाला प्रवासांत दशमी खाण्यास हरकत नसे. लाह्या, फुटाणे, चुरमुरे आणि गूळ यांनाही तीच सवलत. म्हणजे शिदोरीच्या फडक्यांत पोटाची सोय जितकी बांधलेली होती तितकीच जातीची सावधगिरीही बांधलेली होती. आपल्या पाकशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं या बाजूकडे फारसें लक्ष दिलेलें नाहीं.

भाकरीबरोबर आज शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, कांदा, पिठलें, क्वचित् बटाट्याची भाजी असते. हें सारें ज्ञानदेवांच्या काळापासून चालत आलें असेल अशी पुष्कळांची भाविक समजूत असते. ती खरी नाहीं. मिरची, भुईमूग, बटाटा हे तिन्ही पदार्थ मूळचे अमेरिका खंडांतले; पोर्तुगीज येथें आल्यानंतर, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढें, ते हिंदुस्थानांत पसरले. तेराव्या शतकांतील वारकऱ्याच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा असणें शक्यच नव्हतें; तिखटासाठीं त्याला मिऱ्याकडे अथवा आल्याकडे वळावें लागलें असेल. उपवासाच्या पदार्थांची गोष्ट तर याहून मौजेची. रताळें अमेरिकेंतलें, राजगिराही तिकडचाच असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात, आणि ज्या साबूदाण्यावांचून आषाढी एकादशी सुनी वाटते तो दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या कसाव्हा नांवाच्या कंदाचा होतो. तामिळनाडूंतील सेलमच्या बाजूस त्याचे कारखाने निघाले ते १९४० नंतरच्या दशकांत. जुन्या उपवासाची साक्ष द्यावयाची तर वरीच्या तांदुळांनीं, शिंगाड्यानें आणि दूध-फळांनींच द्यावी. परंतु जें परदेशांतून आलें तें उपवासाला चालतें, आणि जी ज्वारी हजारों वर्षें घरची झाली ती चालत नाहीं, यांत तर्क शोधूं नये. कांद्याचाही प्रकार असाच गमतीचा आहे. एकादशीपासून चातुर्मास लागतो व कित्येक घरीं कांदा-लसूण बंद होतो. म्हणून दोनच दिवस आधीं, आषाढ शुद्ध नवमीस, कांद्याचे नाना पदार्थ करून कांदेनवमी साजरी होते.

एकट्यादुकट्याची शिदोरी हजारोंच्या समुदायास पुरत नाहीं. वारीला शिस्तशीर सोहळ्याचें रूप आलें तें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, आणि तें देणारे साताऱ्याकडील आरफळचे हैबतबाबा हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरीं चाकरी केलेले गृहस्थ होते. आळंदीच्या पालखीला त्यांनीं लष्करी थाटाची शिस्त लाविली. रथापुढच्या दिंड्या कोणत्या, मागच्या कोणत्या, कोणी कोणत्या क्रमानें चालावें, हें सारें ठरलें. या कामीं त्यांच्या पाठीशीं उभे राहिले ते अंकलीचे शितोळे सरदार. अंकली हें चिकोडीकडील गांव, कोल्हापूरकरांच्या शेजारचें. आजही तेथून घोडे मिरज-साताऱ्याच्या वाटेनें आळंदीस चालत जातात, आणि पालखीच्या तंबूचा व नैवेद्याचा मान शितोळ्यांकडेच आहे.

प्रत्येक दिंडीचा स्वयंपाक मात्र दिंडीचा. वारकऱ्यांनीं जेवणाखर्चाचा वांटा जमा करावयाचा, त्यालाच भिशी म्हणतात. पूर्वीं पीठ, डाळ, भांडीं आणि सरपण बैलगाड्यांवर लादलेलें असे. आतां मालमोटारी, पाण्याच्या टांक्या आणि गॅसच्या शेगड्या आहेत. स्वयंपाकाची मंडळी पुढें जाऊन मुक्कामाची जागा धरते, आणि टाळकरी पोंचतात तों भाकऱ्यांच्या चवडी रचलेल्या असतात. या व्यवस्थेला शाकाहाराचें मोठें साहाय्य झालें. पीठ, डाळ, गूळ, चटणी हा माल दिवसेंदिवस गाडीवर राहिला तरी नासत नाहीं, आणि वाटेवरच्या कोणत्याही खेड्यांतून त्याची भर घालतां येते. चार जातींच्या आणि चार परगण्यांच्या माणसांसाठीं एकच हंडा चढवावयाचा तर त्यांत काय असावें याबद्दल वाद उरत नाहीं, हा लाभ निराळाच. अन्नापासून वारकऱ्याला भीति फारशी नव्हती. भीति होती पाण्याची. एकोणिसाव्या शतकांत यात्रांच्या गर्दीबरोबर पटकीची सांथ हिंडे, आणि पटकी दूषित पाण्यांतून पसरते हें सरकारास व लोकांस पटावयास बराच काळ लागला.

हंडा एक झाला. पंगत मात्र एक झाली नाहीं. इरावतीबाई कर्वे आळंदीच्या पालखीबरोबर चालल्या होत्या. १९४९ सालीं निघालेल्या त्यांच्या ‘परिपूर्ति’ या संग्रहांत ‘वाटचाल’ हा लेख आहे, तो या बाबतींत मोलाचा आहे. एकाच दिंडींत ब्राह्मण आणि मराठे बरोबर चालत, बरोबर अभंग म्हणत, परंतु जेवणें वेगळीं होत, हें त्यांनीं तेथें नमूद केलें आहे. सारेच शाकाहारी, सारेच स्नान करून जेवणारे. तेव्हां हा दुरावा अन्नासाठीं नव्हता हें उघड आहे. त्या मराठा बायांच्या पंगतीस जाऊन बसल्या, आणि त्यानंतर त्या बायांचें वागणें अधिक मोकळें झालें. एका जेवणानें एवढें होतें, हें शेंकडों वर्षें टाळ वाजवीत बरोबर चालणाऱ्यांच्या ध्यानीं कसें आलें नाहीं, असें कोणासही वाटेल. ज्यांना अस्पृश्य मानलें गेलें त्यांची गोष्ट याहूनही कठोर. चोखोबांची समाधि पंढरीच्या महाद्वाराशीं आहे; पायरीच्या आंत त्यांच्या जातभाईंना पाऊल ठेवतां आलें तें मे १९४७ मध्यें साने गुरुजींनीं पंढरपुरांत उपोषण केल्यानंतर.

कोल्हापुरानें या बाबतींत पुष्कळ आधीं पाऊल टाकिलें होतें. १९१९ सालीं शाहू छत्रपतींनीं हुकूम काढून सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा येथील शिवाशीव बंद केली. आणि गंगाराम कांबळे यांच्या उपाहारगृहांत महाराज स्वतः जाऊन चहा घेत, ही हकीकत तर प्रसिद्धच आहे. हुकुमानें जें होत नाहीं तें राजाच्या हातांतील एका पेल्यानें होईल अशी त्यांची अटकळ असावी. पायीं यात्रा करणाऱ्याला धर्मशाळा आणि विहीर मोकळी होणें म्हणजे काय, हें भर रस्त्यावर तहानलेल्या माणसालाच ठाऊक.

तरी वारीच्या आचारांतच या दुराव्यावरचा उतारा पूर्वींपासून आहे. एकादशीचा उपवास, द्वादशीस पुरणपोळीचें पारणें, आणि पौर्णिमेस गोपाळपुरीं काला. ज्वारीच्या लाह्या व दहीं एकत्र कालवून तो प्रसाद एकमेकांच्या मुखीं घालावयाचा, ही काल्याची रीत. पंधरा-वीस दिवस ज्या पंक्ति वेगळ्या बसल्या त्यांनीं शेवटच्या दिवशीं परस्परांच्या हातचा घांस घ्यावा, अशी ही योजना आहे. आज पुष्कळ दिंड्यांतून पंगतीचे जुने भेद मावळले आहेत. वाटेवरचीं गांवें भाकरी-पिठलें घेऊन रस्त्यावर उभीं राहतात, आणि घेणाराची जात सहसा कोणी विचारीत नाहीं.

काला झाला कीं करवीरचा वारकरी घरीं परततो तो नेमका आखाडांत. पंढरीस जाणें न जमलेल्यांनीं एकादशीस नंदवाळची दिंडी केलेली असते. इकडे पंचगंगेच्या नव्या पाण्याचे कलश वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीस जात असतात, आणि गल्लोगल्लीं मटणाचा रस्सा शिजत असतो. शेतकऱ्याच्या पुष्कळ घरांत म्हाताऱ्याच्या गळ्यांत माळ, मुलानातवंडांच्या नाहीं. रस्सा परसांतल्या वेगळ्या चुलीवर होतो, म्हाताऱ्याची भाकरी आंतल्या तव्यावर. ताटें वाढलीं कीं आजोबांच्या ताटांत आमटी, नातवाच्या ताटांत रस्सा, आणि दोघे बसतात एकाच पंगतीला.