सात दिवसांचा पाहुणा



'अतिथि' या शब्दाची फोड आपल्याकडे अशी करतात कीं, ज्याच्या येण्याला तिथि नाहीं तो अतिथि. ही व्याख्या ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं पाहुणा पायीं किंवा बैलगाडीनें येई, आणि वाटेंत नदीला पूर आला कीं त्याचें येणेंही लांबे व जाणेंही लांबे. आज ज्या पाहुण्याविषयीं मी बोलणार आहें तो या व्याख्येंत बसत नाहीं. त्याच्या येण्याची तिथि ठरलेली असते, जाण्याचीही ठरलेली असते, आणि मधला एक आठवडा तो परक्या देशांतील एका अनोळखी कुटुंबांत राहतो. तो राजाचा वकील नव्हे, व्यापारी नव्हे, धर्मोपदेशकही नव्हे. केवळ ओळख व्हावी एवढ्याचसाठीं तो येतो. परदेशच्या पाहुण्याला अशा रीतीनें घरीं ठेवून घेण्याची प्रथा विसाव्या शतकांत पद्धतशीरपणें सुरू झाली. ती कशी सुरू झाली आणि तिनें काय साधलें, हें आपण पाहूं.

१९३२ सालीं डोनल्ड वॅट नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें एक प्रयोग केला. पहिलें महायुद्ध संपून अद्याप चौदाच वर्षें झालीं होतीं. निरनिराळ्या राष्ट्रांतील तरुण मुलें एकत्र राहिलीं तर त्यांच्यांतील परकेपणा जाईल, अशा समजुतीनें त्यानें अमेरिकन आणि युरोपीय मुलांचें एक शिबिर स्वित्झर्लंडमध्यें भरविलें. स्थळ रमणीय, हेतु उदात्त. परंतु फळ मनासारखें आलें नाहीं. ज्या भाषेचीं मुलें त्या भाषेच्या मुलांपाशीं जमूं लागलीं. ज्यांनीं शाळेच्या सहलींबरोबर मुलें नेलीं आहेत, त्यांना याचें नवल वाटणार नाहीं. शिबिरांत प्रत्येकाच्या पाठीशीं आपला कळप असतो, आणि कळप असला म्हणजे परक्याशीं बोलण्याची गरजच उरत नाहीं.

यांतून वॅटनें जो बोध घेतला तोच या सगळ्या इतिहासाचा पाया होय. पुढच्या वर्षापासून त्यानें मुलांना एकेका कुटुंबांत ठेवण्यास आरंभ केला. परक्या घरांत मुलगा एकटा असतो. मीठ हवें तर त्याला मागावें लागतें, आणि मागण्यापुरती तरी भाषा शिकावी लागते. घरांतील म्हातारी माणसें केव्हां निजतात, लहान मुलांना कोण रागें भरतें, पैशाची ओढाताण कोठें लपविली जाते, हें त्याला न सांगतां दिसतें. वॅटनें आपल्या संस्थेला जें नांव दिलें त्याचा अर्थ 'आंतरराष्ट्रीय सहवासाचा प्रयोग' असा होतो. त्यांत 'सहवास' हाच शब्द महत्त्वाचा आहे.

आतां येथें इतिहासाच्या अभ्यासकास एका अडचणीच्या प्रश्नाला तोंड द्यावें लागतें. घरोघरीं राहण्याची ही पद्धति ज्या देशांत प्रथम अमलांत आली तो देश जर्मनी होता आणि तें साल १९३३ होतें. त्याच वर्षाच्या जानेवारींत हिटलर त्या देशाचा चॅन्सलर झाला. अमेरिकन मुलें जर्मन कुटुंबांत बसून जेवत होतीं, त्याच वेळीं बाहेर रस्त्यांवर गणवेशधारी पथकें फिरत होतीं. सहाच वर्षांनीं महायुद्ध पेटलें, आणि पुढें यजमानांचे मुलगे व पाहुण्यांचे भाऊ एकमेकांवर गोळ्या झाडूं लागले. मग या पाहुणचाराचा उपयोग तो काय झाला? पाहुणचारानें युद्ध टळतें असें जे सांगतात, त्यांनीं १९३३ सालचें हें उदाहरण नेहमीं समोर ठेवावें. राज्यकर्ते युद्ध ठरवितात तेव्हां कोणाच्या घरीं कोण जेवून गेलें, याचा हिशेब ते करीत नसतात.

परंतु प्रश्नाचें उत्तर एवढ्यावर संपत नाहीं. १९३४ च्या उन्हाळ्यांत वॅटच्या संस्थेमार्फत जर्मनींत जाऊन राहिलेल्यांमध्यें सार्जंट श्रायव्हर नांवाचा एक तरुण होता. पुढें महायुद्धांत तो अमेरिकन आरमारांत लढला आणि पॅसिफिक महासागरांतील एका चकमकींत जखमीही झाला. म्हणजे त्या उन्हाळ्यानें त्याला युद्धापासून वांचविलें नाहीं. मात्र परक्या घरांत राहिल्यावांचून परका देश कळत नाहीं, हें त्यानें जाणलें होतें. १ मार्च १९६१ रोजीं अध्यक्ष केनेडी यांनीं 'पीस कोअर' म्हणजे शांतिदल स्थापन केलें, तेव्हां त्याचे पहिले संचालक हेच श्रायव्हर झाले. या दलाच्या आरंभीच्या कांहीं तुकड्यांना शिक्षण देण्याचें काम वॅटच्याच संस्थेकडे आलें. स्वयंसेवकानें दूतावासाच्या बंगल्यांत न राहतां लोकांत राहावें, लोकांचें अन्न खावें, हा त्या दलाचा दंडक होता. एका शिबिराच्या अपयशांतून निघालेला धडा असा हजारों तरुणांपर्यंत पोहोंचला.

या दलांतील एक पाहुणी तर आपल्या मुंबईच्या दारांत येऊन राहिली होती. लिलियन कार्टर या जॉर्जिया संस्थानांतील परिचारिका. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९८ चा. ज्या वयांत माणूस नातवंडांत रमतो त्या अडुसष्टाव्या वर्षीं, १९६६ सालीं, त्या स्वयंसेविका होऊन हिंदुस्थानांत आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतींत राहून कुटुंबनियोजनाचें व रुग्णसेवेचें काम करूं लागल्या. त्यांचा मुक्काम एका आठवड्याचा नव्हता; १९६८ सालीं त्या परतल्या. त्या काळांत त्यांनीं घरीं धाडलेल्या पत्रांचें पुस्तक १९७७ सालीं निघालें. त्याच वर्षीं त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर अमेरिकेचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारींत आपले राष्ट्रपति फक्रुद्दीन अली अहमद निवर्तले, तेव्हां अमेरिकेच्या वतीनें अंत्यविधीस लिलियनबाई आल्या आणि परततांना विक्रोळीला जाऊन जुन्या माणसांना भेटल्या. राजमातेच्या मानानें आलेल्या बाईची पावलें वसाहतीकडे वळावीं, यांतच सहवासाचा गुण दिसतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १ मार्च १९७७ रोजीं, अध्यक्ष कार्टर यांनीं सर्व संस्थानांच्या गव्हर्नरांसमोर 'फ्रेंडशिप फोर्स' ही योजना जाहीर केली. आईच्या विक्रोळींतील मुक्कामामुळेंच मुलाला ही योजना सुचली, असें म्हणणें मात्र इतिहासाला धरून होणार नाहीं. मूळ कल्पना वेन स्मिथ या धर्मोपदेशकाची. ते ब्राझीलमध्यें राहून आले होते, आणि कार्टर जॉर्जियाचे गव्हर्नर असतांना त्या संस्थानाचे व ब्राझीलच्या पेर्नाम्बुको प्रांताचे नागरिक एकमेकांच्या घरीं राहावयास जात असत. तोच उपक्रम आतां जगभर न्यावयाचा होता. रोझलिन कार्टर यांनीं मानद अध्यक्षपद पत्करलें. कारभार मात्र खासगी संस्थेकडे ठेवला. हें शहाणपण पुढें उपयोगी पडलें. १९८० च्या निवडणुकींत कार्टर हरले, तरी संस्था बंद पडली नाहीं. सरकारची कृपा नव्हती, म्हणून सरकारच्या अवकृपेचेंही भय नव्हतें.

पहिली अदलाबदल ५ जुलै १९७७ रोजीं झाली. एका बाजूला अमेरिकेचें अटलांटा, दुसऱ्या बाजूला इंग्लंडचें न्यूकॅसल. न्यूकॅसल हें टाइन नदीकांठचें, कोळसा आणि जहाजबांधणी यांवर वाढलेलें शहर. दोन महिन्यांपूर्वींच कार्टर तेथें जाऊन आले होते. जें भाड्याचें विमान इकडच्या पाहुण्यांना तिकडे सोडी तेंच तिकडच्यांना इकडे आणी. त्यामुळें प्रवासाचा खर्च उतरे. दोन्हीकडचीं मिळून साडेसातशेंहून अधिक माणसें या रीतीनें एकमेकांच्या घरीं राहिलीं. आज या संस्थेचीं मंडळें अनेक देशांत आहेत.

ही पद्धति समजण्यास सोपी आहे. पाहुण्यानें प्रवासाचा खर्च करावा, यजमानानें बिछाना आणि जेवण द्यावें. आगाऊ पत्रव्यवहारांत पथ्यपाणी, वय, आवडीनिवडी कळवाव्या. पहिल्या दिवशीं एकत्र स्वागत, शेवटच्या दिवशीं एकत्र निरोप. मध्यें शहरदर्शन, आणि कांहीं वेळ केवळ यजमानाच्या कुटुंबासाठीं राखलेला.

आणि मुक्काम सामान्यतः आठवड्याचाच कां? तिसऱ्या दिवशीं पाहुण्याची अक्कल काढणारी आपली एक म्हण आहे. माझ्या मतें तिच्यांतच याचें उत्तर आहे. पहिले तीन दिवस यजमान चांगल्या बशा काढतो आणि पाहुणा चांगला सदरा घालतो. इतका शिष्टाचार दोघांनाही त्याहून अधिक दिवस झेपत नाहीं. चौथ्या दिवशीं जुनीं भांडीं बाहेर येतात, मुलें पाहुण्यासमोर भांडतात, आणि पाहुणा स्वतःची बशी विसळूं लागतो. खरी ओळख येथून सुरू होते. तीन दिवसांत जो परतला त्यानें आपला दिवाणखाना पाहिला. सात दिवस जो राहिला त्यानें आपलें घर पाहिलें.

तेव्हां या पाहुणचाराकडून काय अपेक्षावें? युद्धबंदीची आशा धरूं नये. १९३३ चा जर्मनी तें शिकवून गेला आहे. परंतु युद्धापूर्वीं आणि युद्धानंतरही एक काम त्याच्या हातून होतें. शत्रूला एकच तोंड असतें, तें भित्तिपत्रकावर रंगविलेलें असतें. ज्याच्या घरीं आपण राहिलों त्याला मात्र आजी असते, दम्याचा विकार असतो, वरणांत मीठ अधिक झाल्याबद्दल तक्रार असते. अशा माणसाविषयीं 'ते लोक सगळे सारखेच' हें वाक्य पुन्हां सहजपणें तोंडांतून निघत नाहीं. आणि शंभर पाहुण्यांत एखादा जरी श्रायव्हर निघाला, तरी एका पिढीचा पाहुणचार दुसऱ्या पिढीच्या कामीं येतो.

म्हणून आपल्यापैकीं कोणाच्या घरीं असा परदेशचा पाहुणा यावयाचा असेल, तर माझी एवढीच सूचना आहे. त्याच्यासाठीं घराला नवा रंग देऊं नका. वरणभात करा, चपात्या करा, आणि चौथ्या दिवशीं त्याला भाजी निवडावयास बसवा.